मोबाइल होम पार्क विकत घेताना काय काय तपासावं? – ओहायोतला एक व्यवहार

मुळाकाठ

मंडळी, एका व्यवहाराबद्दल जाणकारांचं मत हवंय.

ओहायोत डेटनपासून पाऊण तासावर, एका छोट्या गावाला लागून असलेलं मोबाइल होम पार्क विकायला आलंय. दोन मित्रांबरोबर मिळून घ्यावं का, असा विचार चाललाय. भाड्याची घरं आम्ही सांभाळतो, पण पार्कचा अनुभव तिघांपैकी कोणालाच नाही.

ज्यांचा कधी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी: कारखान्यात तयार झालेली लांबट घरं ट्रकमागे ओढत आणून इथे ओळीने बसवलेली असतात. घर राहणाऱ्याचं आणि खालची जागा, रस्ते, पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाइनी पार्कमालकाच्या, अशी साधारण पद्धत. राहणारा दर महिन्याला जागेचं भाडं भरतो, त्याला लॉट रेंट म्हणतात. काही घरं मात्र पार्कच्याच मालकीची असतात आणि ती नेहमीसारखी भाड्याने दिलेली असतात.

ब्रोकरने दिलेले आकडे:

- एकूण लॉट ६२, भरलेले ४७
- ३५ घरं राहणाऱ्यांची स्वतःची, लॉट रेंट ३१० डॉलर
- १२ घरं पार्कची, जागेसकट भाडं ८५० डॉलर
- पाणी गावाचं, सांडपाणी गावाच्या गटारात. दोन्हीचं बिल पार्क भरतं.
- मागणी २१ लाख डॉलर

त्याच्या हिशेबाने वर्षाची जमा २,५२,६०० डॉलर. ३३ टक्के खर्च वजा केला की निव्वळ उत्पन्न १,६९,००० च्या आसपास, आणि ८ टक्के कॅप रेटने (निव्वळ उत्पन्न किमतीच्या किती टक्के, तो दर) भागलं की २१ लाख. वर "१५ रिकामे लॉट भरलेत की तो सगळा तुमचा फायदा" आणि "लॉट रेंट आसपासच्या पार्कांपेक्षा ८०-९० डॉलरने कमी आहे, पहिल्याच वर्षी वाढवून टाका" असंही त्याचं म्हणणं.

कागदावर सगळं जुळतंय. इतकं सहज जुळतंय म्हणूनच विचारतोय.

नळदुर्ग

मी इंडियानात दोन लहान पार्क चालवतो. माझ्या मते ही २१ लाखांची वस्तू नाही. १४ लाखांच्या आतली आहे.

कॅप रेट फक्त जागेच्या भाड्याला लावायचा असतो. पार्कच्या मालकीच्या घरांचं भाडं त्यात मिसळलं की घोळ होतो, आणि ब्रोकर मंडळी नेमकं तेच मिसळतात. जागा झिजत नाही, घर झिजतं. छप्पर गळतं, वॉटर हीटरखालची लाकडी भुशाची फळी फुगून कुजते, भाडेकरू गेला की दोन महिने दुरुस्तीत जातात. ८५० मधले ३१० जागेचे, ५४० घराचे. त्या ५४० मधले निम्मे तरी दुरुस्तीत आणि रिकाम्या महिन्यांत संपतात, आणि शेवटी घर भंगारात जातं ते जातंच. अशा उत्पन्नाला ८ टक्क्यांनी भागून किंमत काढणं म्हणजे जुन्या गाडीला जमिनीचा भाव देणं.

आता सरळ हिशेब करा. भरलेले ४७ लॉट, प्रत्येकी ३१०, बारा महिने: १,७४,८४० डॉलर. ३३ टक्के खर्च हा भाडेकरू स्वतःचं पाणी भरतात अशा पार्कात शोभतो. इथे बिल मालक भरतो, म्हणजे ४२ टक्के तरी धरा. उरले १,०१,४०० च्या आसपास. ८ टक्क्यांनी भागलं की १२ लाख ६७ हजार. १२ घरांचे त्यांच्या अवस्थेप्रमाणे वेगळे पैसे द्या. सरासरी ९,००० धरले तर १ लाख ८ हजार. एकूण पावणेचौदा लाख.

रिकाम्या १५ लॉटचे शून्य. एक लॉट भरायचा तर नवं घर विकत आणून, बसवून, पायऱ्या आणि खालची स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा झाकणारी झालर) लावून देईपर्यंत साठ-सत्तर हजार डॉलर आजकाल सहज जातात, आणि मग ते घर विकायचं. ते काम तुम्ही करणार, पैसे तुमचे अडकणार, तर त्याची किंमत विकणाऱ्याला आधीच का द्यायची?

बाकी तपासायच्या गोष्टी:

रेंट रोलवर (कोण किती भाडं भरतो त्या मालकाच्या यादीवर) विश्वास ठेवू नका, बँकेचे गेल्या बारा महिन्यांचे भरणे मागा आणि नावानिशी जुळवा. मागची तीन वर्षांची टॅक्स रिटर्नसुद्धा. प्रत्येक भाडेकरूकडून एस्टॉपेल, म्हणजे कराराच्या अटींची सहीनिशी कबुली, लिहून घ्या. त्यात भाडं किती, डिपॉझिट किती, घर कोणाचं, मालकाने काही तोंडी कबूल केलंय का, हे सगळं यायला हवं. जुन्या मालकाने एखाद्या आजोबांना "गवत कापा, भाडं माफ" असं सांगितलेलं असतं आणि रेंट रोलवर मात्र ते ३१० देत असतात.

स्वतः पार्कात पायी फिरा आणि प्रत्येक लॉटचा विजेचा मीटर बघा. घर उभं आहे पण मीटरच काढून नेलाय, किंवा काटा मेल्यासारखा स्थिर आहे, तर तो लॉट भरलेला नाही. खिडकीला पडदा दिसला म्हणजे माणूस राहतो असं नाही.

आणि १५ जून १९७६ च्या आधी बनलेली घरं किती आहेत ते मोजा. त्या तारखेपासून केंद्र सरकारचं बांधकामाचं मानक लागू झालं. त्याआधीच्या घरांना कर्ज आणि विमा दोन्ही मिळायची मारामार असते, आणि ती हलवली तर दुसरं पार्क बहुतेक वेळा घेत नाही.

रानवारा

वाखूसा (वाचनखूण साठवली). नळदुर्ग, फार उपयोगी प्रतिसाद.

खडीसाखर

मी पाणीपुरवठ्यातली इंजिनियर आहे, त्यामुळे जमिनीखालचं बोलते. पार्क घेणं म्हणजे मुख्यतः जुनं, खाजगी, कोणी नकाशा जपून न ठेवलेलं नळ-गटारांचं जाळं घेणं. गावाचं पाणी आणि गावाचं गटार आहे ही मोठीच जमेची बाजू. विहीर असती तर १५ जोडण्या किंवा २५ माणसं झाली की कायद्याने ती सार्वजनिक पाणीपुरवठा योजना ठरते, आणि पाण्याच्या चाचण्या, नोंदी, जबाबदारी सगळं तुमच्या गळ्यात. स्वतःचा सांडपाण्याचा प्लांट किंवा लगून (सांडपाण्याचं उघडं तळं) असेल तर नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

पण गावाचं पाणी फक्त वेशीवरच्या मोठ्या मीटरपर्यंत गावाचं. तिथून आत प्रत्येक फूट तुमचा. म्हणून पहिला प्रश्न: पाण्याचं बिल दरमहा किती?

मुळाकाठ

@खडीसाखर, मागच्या वर्षीची बिलं मिळाली. पाणी आणि गटार मिळून सरासरी ४,१०० डॉलर महिना.

खडीसाखर

म्हणजे घरामागे ८७ डॉलर. त्या गावाचे दर काढा आणि एका साध्या कुटुंबाचं बिल किती होतं ते बघा. ५५-६० होत असेल तर उरलेलं पाणी जमिनीत मुरतंय.

खात्री करायची सोपी रीत आहे. मॅनेजरची परवानगी घेऊन रात्री दोन-तीनच्या सुमारास मुख्य मीटरचं झाकण उघडा. तबकडीवर एक छोटा त्रिकोणी काटा असतो, थेंबभर पाणी वाहिलं तरी तो फिरतो. त्या वेळी सगळं गाव झोपलेलं असतं. काटा सलग, एकाच गतीने फिरत राहिला तर गळती आहे. थांबत-थांबत फिरला तर कोणाचं तरी टॉयलेट. एक लक्षात ठेवा, कडाक्याच्या थंडीत ही परीक्षा करू नका. पाइप गोठू नये म्हणून लोक रात्रभर नळ बारीक सोडून ठेवतात आणि वाचन फसवं येतं.

सांडपाण्याच्या लाइनीत कॅमेरा घालून घ्या, सगळ्या मुख्य लाइनी, एखादी नमुन्यादाखल नाही. साठ-सत्तरच्या दशकातलं पार्क असेल तर भाजक्या मातीचे पाइप असतील. ते स्वतः टिकतात, पण सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात. ऑरेंजबर्ग निघाला तर मात्र जपून. तो डांबरात भिजवलेल्या लगद्याचा पाइप, काही दशकांनी मातीच्या वजनाने चपटा होतो, आणि मग दुरुस्ती नाही, बदलणंच. पाण्याच्या बाजूला करड्या रंगाचे पॉलीब्युटिलीनचे पाइप दिसले, साधारण १९७८ ते १९९५ मधले, तर बदलण्याचे पैसे किमतीतून वळते करा.

गॅस प्रत्येक घराला कंपनीच्या मीटरने येतो की पार्कच्या एका मीटरवरून पुढे वाटला जातो, हेही विचारा. दुसरा प्रकार असेल तर तुम्ही केंद्रीय सुरक्षा नियमांखाली गॅसवाहिनीचे चालक ठरता. विजेच्या खांबांवर १०० अँपिअरचा पुरवठा आहे की २०० चा, तेही लिहून आणा. नवीन घर आणायचं झालं की तिथेच अडतं.

हिशेबनीस

कर्जाकडे बघू. गावातल्या बँकेकडून पार्कसाठी साधारण २० वर्षांचा हप्ता मिळतो, आणि पाच वर्षांनी सगळी बाकी एकदम फेडायची किंवा नवं कर्ज काढायचं. तुमची वैयक्तिक हमीही लागते. २१ लाखांच्या ७५ टक्के, म्हणजे १५.७५ लाख कर्ज, ७ टक्क्यांनी धरलं तर वर्षाचे हप्ते जवळजवळ १,४६,५०० डॉलर. नळदुर्ग यांच्या हिशेबाने जागेचं उत्पन्न १,०१,४०० आणि घरांमधून उरणारे ३५,००० धरा. हप्तासुद्धा निघत नाही! बँक स्वतःच २१ लाखांवर कर्ज देणार नाही. मोठी रक्कम रोख भरून जो घेईल त्याच्यासाठी ही किंमत.

फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जांना पाठबळ देणाऱ्या सरकारपुरस्कृत संस्थांची कर्जं लांब मुदतीची आणि स्वस्त, पण पार्कच्या मालकीची घरं जास्त असली की ते तयार होत नाहीत. तुमच्याकडे भरलेल्यांपैकी चौथा हिस्सा ती आहेत. विकणाऱ्याने स्वतः काही कर्ज दिलं तर उत्तम. या धंद्यात ते सर्रास चालतं.

करातला फायदा खरा आहे. रस्ते, वाहिन्या, चौथरे यांना १५ वर्षांत घसारा मिळतो, आणि १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या अशा मालमत्तेवर पहिल्याच वर्षी १०० टक्के बोनस घसारा (सगळी किंमत एकाच वर्षात वजा करायची मुभा) पुन्हा लागू झालाय. पण तुम्ही तिघंही पूर्णवेळ नोकरीत असाल तर हा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येईलच असं नाही. २५,००० डॉलरची जी सवलत आहे ती १ लाख ते दीड लाख उत्पन्नाच्या दरम्यान संपत जाते. तोटा पुढच्या वर्षांसाठी साठून राहतो, वाया जात नाही. ब्रोकर सांगेल की तुमचा टॅक्सच शून्य होईल. सीएला विचारल्याशिवाय ऐकू नका.

आणि प्रॉपर्टी टॅक्स मागच्या वर्षीचा धरू नका. विक्रीनंतर मूल्यांकन वाढू शकतं, ते नव्या किमतीवर काढून बघा.

रानवारा

अवांतर प्रश्न: एच-१बी व्हिसावर असताना असं पार्क घेता येतं का?

हिशेबनीस

@रानवारा, मालकी ठेवायला अडचण नसते. पण रोज जाऊन भाडी गोळा करणं, घरं दाखवणं, दुरुस्त्या करणं हे परवानगीशिवाय केलेलं काम मानलं जाऊ शकतं. मॅनेजर नेमा आणि आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

पारिजात_एनजे

मुळाकाठ, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर मला बोलायचंय. "पहिल्याच वर्षी ८०-९० डॉलर वाढवा."

मी अशा पार्कांतल्या वयस्कर रहिवाशांबरोबर बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतेय. यांना मोबाइल म्हणतात खरं, पण ही घरं एकदा बसली की सहसा हलत नाहीत. हलवायचं तर पाच-दहा हजार डॉलर लागतात, आणि जुनं घर रस्त्यातच मोडायची भीती. म्हणजे भाडं वाढलं की त्यांच्यापुढे दोनच मार्ग: भरा, नाहीतर आयुष्याची कमाई असलेलं घर तिथेच टाकून जा. टाकून गेले तर ते घर बहुधा पार्कमालकाच्या पदरात पडतं. हा व्यवहार बाजारभावाने होतो असं म्हणणं मला पटत नाही, कारण एका बाजूला नाही म्हणायची सोयच नाही. सोशल सिक्युरिटीवर (सरकारी पेन्शनवर) जगणाऱ्या बाईला महिन्याला ९० डॉलर म्हणजे औषधांचे पैसे.

म्हणूनच कायदे बदलतायत. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये वार्षिक वाढ ३ टक्क्यांवर बांधली, कारणं सिद्ध केली तर ६ पर्यंत. वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये ५ टक्क्यांची मर्यादा घातली. कोलोरॅडोत पार्क विकायला काढलं की रहिवाशांना स्वतः विकत घेण्यासाठी १२० दिवसांची संधी द्यावी लागते. न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथला १९८४ मध्येच रहिवाशांनी सहकारी पद्धतीने पार्क घेतलं, आणि त्या वाटेने आज देशभरात ३०० हून जास्त पार्क रहिवाशांच्या मालकीची झाली आहेत. तुमच्या विक्रेत्याने रहिवाशांना विचारलंय का?

नळदुर्ग

@पारिजात_एनजे ताई, तुमच्या बोलण्यात तथ्य आहे, पण एक बाजू राहते. ओहायोत भाड्यावर मर्यादा नाही, २०२२ च्या कायद्याने तर गावांनाही ती घालता येत नाही. आणि ज्या पार्कात वीस वर्षं भाडं वाढलेलं नाही तिथे वीस वर्षं रस्ताही झालेला नसतो. स्वस्त भाड्याचं पार्क शेवटी गटार तुंबून आरोग्य खात्याच्या नोटिशीने बंद पडतं, आणि मग सगळेच रस्त्यावर येतात. भाडं वाढायला हवं, पण त्या पैशाचं काय झालं हे रहिवाशाला रस्त्यावर, नळात दिसायला हवं. मी वर्षाला १५-२० डॉलरच्या वर जात नाही.

पारिजात_एनजे

१५-२० ला माझी हरकत नाही. माझी हरकत किंमत ठरवण्याच्या पद्धतीला आहे. २१ लाख देऊन बसलात की ९० डॉलर वाढवणं ही तुमची गरज होऊन बसते, मग तुम्ही मनाने कितीही चांगले असा. पावणेचौदा लाखांत घेतलंत तर २० डॉलरवर भागतं. रहिवाशांचं भलं-बुरं खरेदीखतावर सही करतानाच ठरतं.

नळदुर्ग

हे मात्र शंभर टक्के मान्य.

फ्रेडी-फॅनीची कर्जं घेणाऱ्या पार्कांना काही हक्क लेखी द्यावे लागतात: एक वर्षाचा नूतनीकरण होणारा करार, भाडेवाढीची ३० दिवस आधी सूचना, पाच दिवस उशीर माफ, जागेवर असतानाच घर विकायचा हक्क. मुळाकाठ, तुमचं कर्ज बँकेचं असलं तरी हे सगळं पहिल्या दिवसापासून लागू करा.

सह्यवेडा

झोनिंगबद्दल, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल या गावाच्या नियमांबद्दल, कोणीच लिहिलं नाही. बहुतेक जुनी पार्क आजच्या नियमांत बसत नाहीत, आधीपासून आहेत म्हणून चालू दिलेली असतात. गावाकडून लेखी पत्र घ्या की ६२ च्या ६२ लॉटना परवानगी कायम आहे. ओहायोपुरती एक चांगली गोष्ट: लोडाय गावाचा असा नियम होता की लॉटवरचं घर हललं की त्या लॉटचा जुना हक्क संपायला लागतो. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण भाडेकरू निघून गेला म्हणून मालकाने हक्क सोडला असं होत नाही. तरीही पत्र घ्याच. आणि जुने लॉट बारा-चौदा फूट रुंद घरांच्या मापाचे असतात, आज सोळा फुटी घर आणलं की शेजारच्यापासूनचं अंतर नियमात बसत नाही. १५ पैकी खरोखर वापरता येतील असे किती, ते टेप घेऊन मोजा.

फेमाचा (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा) पूरनकाशा आणि राज्याचा पार्क चालवण्याचा परवाना हेही बघा.

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दरम्यान आम्ही जाऊन आलो, बघितलं ते लिहितो.

रात्री अडीचला मॅनेजरबरोबर मीटरचं झाकण उघडलं. त्रिकोणी काटा एका लयीत फिरत होता, आम्ही उभे होतो तितका वेळ थांबला नाही. मॅनेजरने मागच्या रांगेचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर तो जवळजवळ थांबला. म्हणजे गळती त्या रांगेत आहे. दिवसा तिथे दोन घरांच्या मधलं गवत बाकी सगळीकडे सुकलेलं असताना हिरवंगार होतं. हे आधीही दिसलं होतं, पण त्याचा अर्थ आत्ता कळला.

कॅमेऱ्यात मातीचे पाइप निघाले, तीन ठिकाणी मुळं. ऑरेंजबर्ग नाही. वीज सगळीकडे १०० अँपिअर. ४७ पैकी एका घराला विजेचा मीटरच नाही, तिथे मालकाच्या भाच्याचं सामान ठेवलंय. म्हणजे भरलेले ४६. रिकाम्या १५ लॉटपैकी सोळा फुटी घर बसेल असे ९. गावाचं पत्र मागितलंय. १२ घरांपैकी दोनचे टायटल (मालकीचे कागद) विक्रेत्याकडे नाहीत, आधीच्या रहिवाशांच्या नावावरच आहेत.

आम्ही १३ लाख २५ हजारांचा प्रस्ताव पाठवलाय. मागच्या रांगेची दुरुस्ती विक्रेत्याने करायची किंवा तितके पैसे वळते करायचे, आणि २ लाख त्याने स्वतः कर्ज म्हणून ठेवायचे. पारिजात ताईंनी विचारलं होतं ते विक्रेत्याला विचारलं. रहिवाशांशी त्याने कधी बोलणं केलेलं नाही. आमचा व्यवहार फिसकटला तर त्याने त्यांना विचारावं असं आम्ही पत्रात लिहिलंय.

नळदुर्ग

छान काम केलंत. टायटल व्यवहाराआधीच मिटवा. ओहायोत ती काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल कार्यालयात असतात. विक्रेत्याने नावं करून दिली नाहीत तर ती दोन घरं किमतीतून वगळा. नंतर ती घरं रहिवाशांना विकायची झाली तर रोख किंवा परवानाधारक कर्जसंस्थेमार्फतच विका. स्वतः हप्ते बांधून दिलेत तर तुम्ही कर्ज देणारे ठरता आणि त्याचे केंद्राचे व राज्याचे वेगळे कायदे आहेत.

खडीसाखर

मुळं काढून आतून अस्तर घालता येतं, सगळी लाइन खणायची गरज नाही. त्याचंही कोटेशन घ्या. आणि पुढे रहिवाशांकडून वापराप्रमाणे पाण्याचे पैसे घ्यायचे असतील, तर गळती काढल्याशिवाय घरोघरी पाण्याचे मीटर बसवू नका, नाहीतर मुख्य मीटर आणि घरांच्या मीटरची बेरीज कधीच जुळणार नाही.

पारिजात_एनजे

मीटर बसवाल तेव्हा पहिले दोन-तीन महिने लोकांना फक्त वापर दाखवणारं बिल द्या, पैसे घेऊ नका. टॉयलेटचे फ्लॅपर (टाकीतली रबरी झडप) पार्कतर्फे फुकट बदलून द्या, काही डॉलरचं काम असतं. आणि पाण्याचं बिल सुरू कराल त्या वर्षी लॉट रेंट वाढवू नका, दोन्ही एकदम पडलं तर मागच्या रांगेतले म्हातारे लोक पहिले अडचणीत येतील.